भिजत पडलेले घोंगडे

थंडीला गरीब-श्रीमंत कळत नाही, असे म्हणण्याचा प्रघात आहे. थंडीला कळत नसेल. पांघरुणाला मात्र हा भेद उत्तम कळतो. म्हणूनच हिवाळा आला म्हणजे सुशिक्षित कुटुंबांतून घोंगड्याची जी स्तुती ऐकू येते, तिचा थोडा विचार करावा असे आम्हांस वाटते. घोंगडे अस्सल, घोंगडे देशी, घोंगडे म्हणजे या मातीची ऊब, असे बोलणाऱ्याच्या अंगावर त्या वेळी बहुधा गिरणीत विणलेली हलकी, मऊ शाल असते. यात ढोंग आहे असे आम्ही म्हणत नाही. स्तुती मनापासूनची असते. प्रश्न निराळा आहे. जी वस्तू आपण वाखाणतो पण वापरीत नाही, ती दुसऱ्याने आपल्या कष्टांनी जिवंत ठेवावी, अशी इच्छा धरण्याचा अधिकार आपणास पोहोचतो काय?

प्रश्न हवेत राहू नये म्हणून एक मुलूख डोळ्यांपुढे घेऊ. कल्याणहून अहिल्यानगरकडे जाणारा रस्ता आळेफाटा आणि बेल्हे मागे टाकून आणे घाट चढतो, आणि जुन्नर तालुक्याचे पूर्वेकडील पठार सुरू होते. याच तालुक्याच्या पश्चिम अंगास सह्याद्रीवर पाऊस कोसळतो. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची धरणे त्या पाण्याने भरतात आणि खालची शेते उसाने हिरवी होतात. पठार उंच, कालव्याचे पाणी त्यावर चढत नाही. बाजरी, हुलगा, मठ अशी पावसाच्या भरवशाची पिके घ्यावी, आणि जेथे पीक येत नाही तेथे मेंढी चारावी, हा या जमिनीने माणसास घालून दिलेला नियम होय. मेंढीला थोडके लागते, पण ते थोडके सतत हिंडून मिळवावे लागते. म्हणून मेंढके घर बांधून राहू शकत नाही. दिवाळी झाली की या भागांतील काही वाडे माळशेजच्या वाटेने कोकणात उतरतात, काही खालच्या बागायतीत शेतोशेती फिरतात.

वाडा म्हणजे भिंतींचा वाडा नव्हे, हे शहरी वाचकास सांगणे प्राप्त आहे. घोड्यांवर लादलेले बिऱ्हाड, वर बसविलेली लहान मुले, कोंबड्या आणि नुकती जन्मलेली कोकरे, मागे कुत्री, आणि पुढे शे-दोनशे मेंढरे, एवढा हा वाडा. सायंकाळी कापणी झालेल्या एखाद्या शेतात तो उतरतो. मेंढरांभोवती वाघूर, म्हणजे जाळे, उभे केले जाते. तीन दगडांची चूल पेटते. बाईमाणूस भाकरी थापते. मग त्या जाळ्याच्या कडेस, दंव पडत असता, उघड्या आभाळाखाली सारे कुटुंब निजते. निजते म्हणणेही पुरते खरे नाही, कारण एक कान जागा ठेवावाच लागतो. कालव्याने ऊस आणला. ऊस वर्षभर उभा राहतो. त्या दाट उसात बिबट्याने आपला संसार थाटला. जुन्नरच्या बिबट्यांची संख्या एवढी की माणिकडोह येथे त्यांच्यासाठी निवारा केंद्र उघडावे लागले. बिबट्यास निवारा मिळाला याचा आम्हांस खेद नाही. पण त्याच रानात जाळ्याच्या आधाराने निजणाऱ्या पोरासाठी तेवढ्याच तत्परतेने काय उभे राहिले, हे विचारावेसे वाटते.

आता येथे एक गोष्ट लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. ज्याच्या शेतात वाडा रात्री बसतो, तो शेतकरी मेंढक्यास धान्य किंवा रोकड देतो, कारण मेंढरांच्या लेंड्यांनी आणि मुताने जमीन कसदार होते. या व्यवहारात कोणी कोणावर उपकार करीत नाही. शेतकरी घासाघीस करतो, मेंढकेही करतो. आणि सकाळी दोघेही आपापल्या मार्गास लागतात. लेंडीखतावर आजवर कोणी भावगीत रचल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तरीही हा व्यवहार टिकून आहे. उलट ज्या घोंगड्याची इतकी गाणी झाली, त्याची स्थिती काय आहे?

दख्खनी मेंढी ही लोकरीकरिता जगप्रसिद्ध असलेल्या जातींपैकी नव्हे. तिची लोकर राठ, केसाळ, बहुशः काळी. वर्षातून दोनदा कातरली तरी एका मेंढीची किलोभरसुद्धा भरत नाही. म्हणजे एका घोंगड्यात चार-पाच मेंढ्यांचे एक वर्ष विणलेले असते. पहिल्या कातरणीच्या कोकराची लोकर ती जावळ. तिचे घोंगडे सर्वांत मऊ. लोकर निवडावयाची, पिंजावयाची, सूत काढावयाचे, ताण्याला चिंचोक्याची खळ द्यावयाची, आणि मग मागावर बसावयाचे. सनगर आणि खुटेकर धनगर यांचे हे पिढीजाद काम. रंगाची गरज नाही; काळा, करडा, पांढरा हे मेंढीनेच दिलेले रंग. असे घोंगडे पावसात खोळ करून घेतले तर बराच वेळ पाणी आत येऊ देत नाही. पण एकदा का पुरते भिजले, की ते इतके जड होते आणि वाळण्यास इतके दिवस घेते की, निकाल न लागणाऱ्या प्रकरणास आपल्या भाषेने त्याचेच नाव दिले.

या लोकरीस आज गिऱ्हाईक नाही. मेंढी मटणासाठी पाळली जाते, आणि त्यात मिळकत आहे. सरकारही त्याच हिशेबाने मदत देते. परंतु अंगावरची लोकर काढल्यावाचून गत्यंतर नसते, आणि कातरणीची मजुरी लोकरीच्या किमतीतून निघत नाही. हे संकट केवळ आपले नव्हे. ब्रिटनमध्ये, जेथील वैभवाचा पाया एके काळी लोकरीनेच घातला, तेथेही २०२० साली कित्येक शेतकऱ्यांस कातरणीचा खर्च लोकरीतून भरून काढता आला नाही. इकडे पानिपतास थंड देशांतील टाकाऊ गरम कपडे येतात, ते पिंजून त्यांचे पुन्हा सूत होते आणि स्वस्त ब्लँकेटे निघतात. टाकलेल्याचा उपयोग करण्यात वाईट काही नाही. पण परक्याने फेकलेला कोट कांबळे होऊन घरोघर जातो, आणि पठारावरची ताजी लोकर उकिरड्यावर पडते, हे दृश्य विचार करावयास लावणारे खचितच आहे. मेंढरे राखणाराही आता पुष्कळदा तेच विकतचे ब्लँकेट पांघरतो. त्यास दोष कोण देईल? ते हलके असते, आणि बिऱ्हाड घोड्यावर लादावयाचे असते.

यावर दोन उत्तरे ठरलेली आहेत. पहिले असे की, ज्यास गिऱ्हाईक नाही ते जावे, हा जगाचा नियमच आहे. हे उत्तर देणाऱ्यास आम्ही एवढेच विचारतो की, स्वस्ताई मोजताना त्याने काय काय मोजले? विणणाऱ्याचे आठ दिवस त्याने मोजले, कारण ते किमतीत दिसतात. खनिज तेलापासून काढलेला कृत्रिम धागा झिजून मातीत आणि पाण्यात साठत जातो, तो खर्च किमतीत दिसत नाही म्हणून मोजला नाही.

दुसरे उत्तर संस्कृतीच्या अभिमान्यांचे, आणि आमच्या दृष्टीने अधिक घातक तेच. कारण ते गोड आहे. परंपरा टिकली पाहिजे, असे ते म्हणतात. कोणी टिकवावी? पठारावरच नळवणे येथे खंडोबाचे ठाणे आहे. बाणाईसाठी या देवाने धनगराच्या घरी चाकरी धरली आणि मेंढ्या वळल्या, ही कथा महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाही? देव मेंढके झाला हे ऐकताना आपला कंठ दाटून येतो. पण आपल्या मुलाने मेंढके व्हावे, असे त्या श्रोत्यांत कोणासही वाटत नाही. न वाटो, त्यात गैर काही नाही. गैर एवढेच की, धनगराच्या मुलासही तसेच वाटू लागले म्हणजे आपण हळहळतो. त्याने शाळेत जावे, हा हक्क कायद्याने २०१० पासून अमलात आला आहे. आणि दर चार दिवसांनी शेत बदलणाऱ्या वाड्यामागून शाळा काही चालत येत नाही. मग परंपरा की पोराची शाळा, ही निवड आपण त्याच्या बापापुढे टाकतो, आणि स्वतः मात्र उंटावरून शेळ्या हाकतो.

कोणी म्हणेल, मग आवडीची वस्तू नाहीशी होत असता दुःखही करू नये की काय? अवश्य करावे. पण ते दुःख आपले आहे, आणि ते सोसण्याचे काम सनगराच्या माथी मारता येत नाही. त्याने माग मोडून मुलास दुसऱ्या धंद्यास लावले, तर तो आपला अपराधी होत नाही. अपराध असलाच तर त्या शेतकऱ्याकडून काही न शिकण्याचा आहे. त्याला खत हवे होते. त्याने त्याचे मोल दिले. गुणगान केले नाही. आपण गुणगान केले आणि मोलाच्या वेळी गिरणीच्या भावाशी तुलना काढली. दयेपोटी घेतलेले घोंगडेही आम्हांस मान्य नाही. ते एकदाच घेतले जाते, आणि विणणाऱ्यास कारागीर न ठेवता याचक करते.

हिवाळ्यात आण्यास रंगदासस्वामींच्या पुण्यतिथीचा उत्सव भरतो, तेव्हा आमटी-भाकरीच्या महाप्रसादास लोक लोटतात. त्या पंक्तीत कोणाची भाकरी कोणी थापली हे कोणी विचारीत नाही, आणि विचारण्याचे कारणही नसते, कारण वाढणारा आणि जेवणारा दोघेही तेच अन्न खातात. घोंगड्याच्या बाबतीत मात्र वाखाणणारा एक आणि पांघरणारा दुसरा, अशी फाळणी झाली आहे, आणि आता तर पांघरणाराही उरत नाहीसा झाला आहे.

तेव्हा ज्यास खरोखर गरज असेल त्याने जावळाचे घोंगडे विणणाऱ्याने सांगितलेल्या भावाने घ्यावे, आणि भिंतीवर न टांगता अंथरुणात घ्यावे. पहिले काही दिवस ते टोचते. आत सुती चादर घेतली म्हणजे भागते. वारंवार धुऊ नये. उन्हात घालून झटकले की पुरे, आणि पावसाळ्यापूर्वी कडुनिंबाचा पाला घालून ठेवले तर कसर लागत नाही.