वस्तू आपली म्हणजे काय?

दाम मोजून वस्तू घरी आणली की ती आपली झाली, असे आपण म्हणतो; वकिलीच्या धंद्यात आम्हीही पावती पुढे करून तेच प्रतिपादन करीत आलो आहो. परंतु जी वस्तू उघडून पाहण्याची मुभाच नाही, ती कितपत आपली, हा प्रश्न अलीकडे आम्हांस सतावू लागला आहे. त्यास निमित्त झाली ती सुटे भाग विकणारी, आणि आता दिसेनाशी झालेली, रेडिओची लहान दुकाने.

आम्ही सुरतेच्या लिंबायत भागात राहतो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून तापी खोऱ्याच्या रेल्वेने आलेल्या कष्टकऱ्यांची ही वस्ती. यंत्रमागांच्या खडखडाटातही येथे मराठी आणि अहिराणी कानी पडते. आमच्या लहानपणी रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या फळीवर रंगीत पट्ट्यांचे रेझिस्टर, कंडेन्सर, पिवळ्या-पांढऱ्या टोपीच्या कॉइली बरण्यांतून भरलेल्या असत आणि सुट्या मिळत. यादी मोठी असली तर फ्लाइंग राणीने मुंबई सेंट्रल गाठावे, तेथून लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाला, चालत जावे आणि संध्याकाळी त्याच गाडीने परतावे, असा शौकिनांचा परिपाठ होता. तो रस्ता आजही गजबजलेला आहे; मात्र तेथे आता संगणक, कॅमेरे आणि मोबाइलचे सामान यांचेच राज्य अधिक. सातासमुद्रापलीकडेही हेच घडले. अमेरिकेत हीथकिट कंपनीने १९४७ पासून घरी जोडावयाची उपकरणे विकली आणि १९९२ साली तो व्यवसाय आवरता घेतला.

त्या दुकानांतील एक प्रश्न आम्हांस विशेष आठवतो: “काय जोडतोस?” गिऱ्हाईक हा काहीतरी घडविणारा आहे, असे विक्रेता गृहीतच धरीत असे. ट्रान्झिस्टर जळाला तर तो कागदावरचा नकाशा उलटसुलट पाही, पाय चुकीच्या जागी डागला आहे हे दाखवी आणि दुसरा ट्रान्झिस्टर देई. पैसे अर्थातच पुन्हा घेई!

तथापि गतकाळाची स्तुती करताना हात जरा आखडताच ठेवलेला बरा. परदेशी मालावर कडक निर्बंध होते, तयार संच अनेकांना परवडत नसे, म्हणून पुष्कळांनी रेडिओ जोडला. त्यात हौसेइतकीच नड होती. त्या फळ्यांपुढे मुली क्वचितच दिसत. शिवाय आर्डुइनो किंवा २०१२ साली आलेले रास्पबेरी पाय यांसारखे फलक आज घरपोच मिळतात, आणि जिज्ञासू मुलाला जेवढे ज्ञान आज खुले आहे तेवढे आम्हांस कधीच नव्हते. तेव्हा केवळ दुकानांसाठी गळा काढणे म्हणजे बहुधा आपल्याच तारुण्यासाठी गळा काढणे होय.

आमची तक्रार निराळी आहे. १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने परवान्यावाचून रेडिओ बाळगणे हा गुन्हा ठरविला होता. घरी जोडलेला संचही त्यातून सुटत नसे. दरवर्षी टपाल कचेरीत शुल्क भरावे लागे. हा परवाना १९८० च्या दशकात गेला. मौज अशी की, त्या काळी ऐकण्यास सरकारची परवानगी लागे, पण मागचे चार स्क्रू काढण्यास कोणाचीही लागत नसे. आज ऐकण्यास परवाना नाही; स्क्रू मात्र काढू नये म्हणून कोठे डिंकाने बॅटरी चिकटविलेली, कोठे नेहमीच्या पेचकसाला न बधणारे खाचेचे डोके, तर कोठे बाहेरचा भाग बसविताच यंत्र स्वतःच तो नाकारते.

याज्ञवल्क्य स्मृतीवरील ‘मिताक्षरा’ टीकेत विज्ञानेश्वराने स्वत्व हे शास्त्रीय की लौकिक, असा वाद मांडला आहे. त्याचा निर्णय लौकिकाच्या बाजूचा आहे. ज्यांना शास्त्र ठाऊक नाही असे लोकही खरेदी-विक्री करतात व आपले-परके जाणतात, हे त्याचे एक प्रमुख प्रमाण. हे मान्य केले तर त्यातून एक अस्वस्थ करणारी गोष्ट निष्पन्न होते. मालकी जर लोकव्यवहारातून सिद्ध होत असेल, तर वस्तू उघडण्याचा, बदलण्याचा, दुरुस्त करण्याचा व्यवहार थांबताच ती तेवढ्यापुरती आकसणारही. कायद्याचे एक अक्षरही न बदलता मालकाचा भाडेकरू होऊ शकतो.

यावर लिंबायतेतच एक सडेतोड आक्षेप निघेल. मागावर राबणारा विणकर म्हणेल, “तुम्ही साडी नेसता, ती विणता येते काय? मग रेडिओचेच काय एवढे?” आक्षेप खरा आहे. सर्वांनी सर्व काही घडवावे, असे म्हणणे अव्यवहारी आहे, आणि तसे आम्ही म्हणत नाही. पण साडी फाटली तर तिला टाका घालता येतो, जुनी झाली तर तिची गोधडी होते, आणि यासाठी गिरणीमालकाला विचारावे लागत नाही. मागाचेही तसेच. तो बिघडला की कारागीर पाना घेऊन त्याच्या पोटात शिरतो आणि खंडेनवमीला त्याच पान्याला हळदकुंकू वाहतो. न येणे आणि न करू देणे यांत जो नैतिक भेद आहे, तो या आक्षेपात निसटतो. पहिल्यात आपली मर्यादा असते, दुसऱ्यात दुसऱ्याची सत्ता.

केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली. युरोपीय संघाने २०२४ साली त्याविषयी निर्देशही काढला. इकडे आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोबाइल दुरुस्त करणारी पोरे सूक्ष्मदर्शकाखाली मान घालून, गरम हवेच्या नळीने तांदळाच्या कणीहून लहान भाग उचलीत बसलेली असतात. जुन्या रेडिओवाल्याचे खरे वारस हेच. रेडिओचा नकाशा पुष्कळदा संचाबरोबर येई किंवा मागच्या झाकणावरच चिकटविलेला असे. यांना नकाशा कोठून तरी मिळवावा लागतो, आणि तो कसा मिळविला हे कोणी वकील विचारू लागला की ती गप्प होतात. ग्राहकाने विकत घेतलेल्या वस्तूचा नकाशा ग्राहकासाठीच पाहणे ही चोरी ठरावी काय, याचे उत्तर आमच्या कपाटातील ग्रंथांत आम्ही अजून शोधीत आहो.