घाण्याचा बैल आणि कुमामोतोचे चिंपांझी

तोक्यो शहराच्या पूर्व टोकाला एदोगावा नावाचा वॉर्ड आहे. तेथील निशी-कासाई भागात इतकी भारतीय कुटुंबे राहतात की स्टेशनाबाहेर मराठी कानावर पडले तर नवल वाटू नये. २०१९ साली तर योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ त्या वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. ग्योसेन पार्कमध्ये वॉर्डाचे एक छोटे प्राणिसंग्रहालय आहे. ते १९८३ साली सुरू झाले, प्रवेश फुकट. लहान जातीची माकडे तेथे आहेत, चिंपांझी मात्र नाहीत. आणि जपानातल्या ज्या चिंपांझींविषयी मला लिहावयाचे आहे, ते लोकांना दाखविण्यासाठी ठेवलेलेच नाहीत.

ते राहतात दूर दक्षिणेस, क्युशू बेटावर, कुमामोतो प्रांतात समुद्रकाठी. त्यांची हकीकत थोडक्यात अशी. १९७० नंतरच्या दशकात जपानमध्ये शंभराहून अधिक चिंपांझी आफ्रिकेच्या जंगलांतून आणले गेले. हेपटायटिस बी या काविळीचा विषाणू माणसाखेरीज चिंपांझीला सहज जडतो, म्हणून त्या रोगाचा अभ्यास आणि लशीची परीक्षा त्यांच्यावर होत असे. १९८० साली जपानने दुर्मिळ प्राण्यांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला आणि जंगलातून आणण्याची वाट बंद झाली. पण आलेले प्राणी औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत राहिलेच. असले प्रयोग तेथे २००६ साली थांबले. पुढील वर्षी त्याच जागेचे आश्रयस्थान झाले, २०११ साली ते क्योतो विद्यापीठाकडे आले, आणि २०१२ साली शेवटचे तीन चिंपांझी तेथे पोहोचल्यावर जपानातल्या प्रयोगशाळांत एकही उरला नाही.

आता ही लस कोणाच्या कामी आली? १९९२ पासून इस्राएलमध्ये जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला ती टोचण्याचा कार्यक्रम आहे. आपल्या नातवंडांच्या कार्डावर ती नोंद पाहावी. तो विषाणू ज्यांच्या शोधामुळे कळला ते डॉ. बारूख ब्लुमबर्ग आपल्याच समाजाचे. त्यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा आपल्याला अभिमान वाटतो आणि वाटावाच. परंतु त्याच हिशेबाच्या वहीत दुसरे पानही आहे, आणि त्यावर पिंजरे आहेत.

प्रयोग करायला हवे होते की नव्हते, हा वाद मी येथे उकरीत नाही. यकृताच्या रोगाने गेलेला माणूस ज्याने घरात पाहिला आहे, त्याच्यापुढे तो वाद घालणे मला जमणार नाही. माझा प्रश्न त्यानंतरचा आहे. काम संपले, आता त्या जनावराचे आपण काय लागतो?

पुष्कळजण म्हणतात, आपण त्यांचे ऋणी आहोत, कृतज्ञ असले पाहिजे. मला हा शब्द पटत नाही. कृतज्ञता देणाऱ्याविषयी असते. चिंपांझीने काही दिले नाही. त्याच्याकडून घेतले गेले. आईच्या पोटाला बिलगलेले पिल्लू जंगलातून धरून आणले, तेव्हा त्याला कोणी विचारले नव्हते. ज्याच्याकडून न विचारता घेतले, त्याला आभार मानून भागत नाही. परत करावे लागते. आणि येथेच खरी अडचण आहे, कारण घेतलेली वस्तू परत करता येत नाही. जंगल कसे असते हे ते केव्हाच विसरले आहेत, काहींचा तर जन्मच गजांआड झाला. आफ्रिकेत नेऊन सोडले तर चार दिवस जगणार नाहीत.

मग परत काय करायचे? कुमामोतोचा रोजचा दिवस पाहिला की उत्तराचा थोडा अंदाज येतो. चढण्यासाठी उंच मनोरे उभारले आहेत, कारण हा प्राणी मूळचा झाडावरचा. खाणे नुसते पुढ्यात टाकून देत नाहीत. फळांचे तुकडे भोकांच्या नळ्यांत, खोक्यांत लपवून ठेवतात, म्हणजे ते काढण्यात वेळ आणि डोके दोन्ही खर्च होतात. जंगलात त्याचा निम्मा दिवस अन्न शोधण्यात जातो. आयते मिळाले तर उरलेल्या वेळाचे त्याने करायचे काय? आपल्याकडे पेन्शनीत निघालेल्यांना हे समजावून सांगायला नको! सर्वांत कठीण काम म्हणजे सोबत जुळवून देणे. अनेक वर्षे एकट्याने काढलेल्याला एकदम कळपात ढकलता येत नाही. आधी जाळीच्या अलीकडे-पलीकडे बसवतात, हाताला हात लागू देतात, मग दार उघडतात. तेथे नरांची संख्या मोठी, म्हणून नुसत्या नरांचेही गट केलेले आहेत. भांडणे होतात, मग एकमेकांचे केस विंचरीत बसतात. कोणाजवळ बसावे आणि कोणापासून उठून जावे, एवढी निवड त्यांना परत मिळाली आहे. मला वाटते, परत करता येण्याजोगे जे होते त्यातले हेच मोठे.

क्योतो विद्यापीठाच्याच इनुयामा येथील संस्थेतील रेओ नावाच्या नराची गोष्ट याहून कठीण आहे. २००६ साली, चोवीस वर्षांचा असताना, मज्जारज्जूच्या दाहाने तो मानेखाली लुळा पडला. अंगाला जखमा झाल्या, हाडे दिसू लागली. डॉक्टर, संशोधक आणि विद्यार्थी यांनी पाळ्या लावून त्याची शुश्रूषा केली. पुढे तो उठून बसू लागला, हातांच्या बळावर चढू लागला. त्याला चालता यावे म्हणून एक युक्ती केली: पडद्यावरचा खेळ एका बाजूला आणि बक्षिसाचा खाऊ थोड्या अंतरावर, म्हणजे दर वेळी त्याने जाऊन यावे. तेत्सुरो मात्सुझावा या शास्त्रज्ञांनी नमूद केले आहे की त्या अवस्थेतही रेओ निराश झालेला दिसला नाही. त्यांच्या मते चिंपांझी उद्याची चिंता करीत नाही, म्हणून खचत नाही. येथे मी थबकतो. ज्याला उद्या नाही त्याला आशाही नाही. मग ही आशा कोणाची होती? पाळी करणाऱ्यांची, हे उघड आहे. त्याने त्यांचे श्रम वाया गेले असे मात्र मला वाटत नाही. तान्ह्या मुलाच्या बाबतीतही आशा आपलीच असते.

कोणी म्हणेल, म्हाताऱ्या माणसांना पाहायला कोणी नाही आणि तुम्ही माकडांचे काय घेऊन बसलात? प्रश्न रास्त आहे. पण माणसांच्या वाट्याचे पैसे चिंपांझी खातात असे कोठे आढळत नाही. मुंबईत १८३४ साली पांजरपोळ निघाली, तेव्हाही शहरात गरीब होतेच. आणि त्या कामात पुढाकार घेणारे सर जमशेटजी जीजीभाई यांनी माणसांसाठी इस्पितळही बांधले.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: त्या प्राण्याला आपली सुटका झाली हे कळते तरी काय? यावर मला आपल्या पूर्वजांचा घाणा आठवतो. कोंकणात आपल्याला शनिवार तेली म्हणत, कारण शनिवारी घाणा बंद. आठवडाभर डोळ्यांना झापड बांधून फिरणारा बैल त्या दिवशी गोठ्यात रवंथ करीत बसे. त्याला शब्बाथ कळत नव्हता. तरी तोरामध्ये विसाव्याच्या आज्ञेत बैलाचा उल्लेख स्वतंत्रपणे केलेला आहे. धनी बसला म्हणून बैल आपोआप बसला, एवढ्यावर ते सोडलेले नाही. त्याला कळते की नाही, ही अटच नाही.

मात्र बैल म्हातारा झाल्यावर काय? त्याबाबत घरोघर निराळे होते. काहींनी मरेपर्यंत पेंड घातली. काहींनी बाजारात नेला आणि घेणारा कोण हे विचारले नाही.

कुमामोतोत ते विचारले गेले, म्हणून खर्च मोठा आहे आणि लांबचा आहे. चिंपांझी पन्नास वर्षांच्या पुढेही जगतो. तेथल्या तरुण नरांना आज जो माणूस सकाळी फळे कापून देतो, तो त्यांच्या म्हातारपणी कामावरून निवृत्त झालेला असेल, आणि त्याच्या जागी यायला दुसरा कोणी आतापासून तयार करावा लागणार आहे.