दोन्ही हात मोजा

(एटापल्लीतले एक निवृत्त शिक्षक आणि सूरजागडच्या खाणीवर नोकरी करणारा त्यांचा माडिया विद्यार्थी.)

विद्यार्थी : सर, मानव विकास निर्देशांक तुम्हीच शिकवला. आरोग्य, शिक्षण, उत्पन्न. राज्याच्या 2002च्या अहवालात गडचिरोली तळाला होतं. आज माझ्या घरी पगार येतो, मुलगी शाळेत जाते. जगणं सुधारलं ना?

शिक्षक : सुधारलं. पण महबूब उल हक यांनी 1990मध्ये ते माप आणलं, तेव्हा त्यांच्या सोबतीला असलेले अमर्त्य सेन आणखी एक विचारत होते: माणसाला जे मोलाचं वाटतं, तसं जगायची मोकळीक त्याला आहे का?

विद्यार्थी : पावसाळ्यात आजारी माणसाला खाटेवर घालून नाल्यापार न्यायचो, ती मोकळीक होती? जंगलाचं कौतुक करणाऱ्यांनी ती खाट एकदा खांद्यावर घ्यावी.

शिक्षक : घ्यावीच. पण रस्ता, दवाखाना हा तर तुझा हक्क. दवाखान्याच्या बदल्यात पुणेकरांकडे कुणी पर्वती मागितली नाही.

विद्यार्थी : हक्क मागून मिळाला नाही, सर. खाण आली, काम मिळालं.

शिक्षक : म्हणून तुझा पगार मी हलका मानत नाही. फक्त हिशेब पुरा कर. मोह दरवर्षी पडतो, तेंदूपत्ता दरवर्षी फुटतो. लोहखनिज एकदाच निघतं. 2023मध्ये वर्षाला 30 लाख टनांची मर्यादा 1 कोटीवर गेली. उत्पन्नात ती वाढ दिसते, पहाड घटला याला रकाना नाही. जानेवारीत सत्तर गावं त्याच पहाडावर ठाकूरदेवाच्या यात्रेला येतात, त्यालाही नाही.

विद्यार्थी : देवाला आकडा कसा देणार?

शिक्षक : देऊ नये. पण गावाला विचारलं का, हे मोजता येतं. ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा 1996चा, वनहक्क कायदा 2006चा. खाणवाढीची जनसुनावणी मात्र 2022मध्ये झाली गडचिरोलीला, इथून शंभराहून जास्त किलोमीटरवर. याच जिल्ह्यात मेंढा-लेखाला 2009मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, पुढे गावानं आपला बांबू आपण विकला. पैसा तिथंही आला, ठरवलं ग्रामसभेनं.

विद्यार्थी : आमच्या ग्रामसभेनं नाही म्हटलं असतं तर माझी नोकरी गेली असती. तेव्हा तुम्ही कुणाच्या बाजूनं?

शिक्षक : ग्रामसभेच्या. आणि तुझ्या मुलीच्या शाळेसाठी तुझ्यासोबत जिल्हाधिकारी कार्यालयासमोर बसलो असतो.

विद्यार्थी : मी खाणीच्या बाजूनं हात वर केला असता, सर.

शिक्षक : करायलाच हवा होता. तुझ्या आजीनं विरोधात केला असता, आणि दोन्ही हात मोजले गेले असते.