अरसिक

आई गेली त्या महिन्यातली गोष्ट. इंदूरच्या घरी एका संध्याकाळी मी तिची जुनी कॅसेट लावली. कुमार गंधर्वांची निर्गुणी भजने, तिची फार आवडती. पहिल्याच भजनाला मला रडू कोसळले. शेजारी बाबा बसले होते. भजन संपल्यावर त्यांनी विचारले, "कुकर लावू का? भात किती घेऊ?" मी तोडून बोललो, "बाबा, तुम्ही अगदी दगड आहात." ते काही न बोलता स्वयंपाकघरात गेले.

असे बोलणारा मी पहिला नव्हे. साहित्य, संगीत, कला यांचा गंध नसलेला माणूस म्हणजे शेपूट-शिंगे नसलेला पशूच, असे भर्तृहरी सांगतो. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधला लोरेंझो म्हणतो की, ज्याच्या अंतरात संगीत नाही त्याच्यावर विश्वास टाकू नये. दोघेही कानापासून एकदम शीलापर्यंत उडी मारतात. ती उडी मारण्याचा आपल्याला अधिकार आहे का?

२०१४ साली बार्सिलोनातील संशोधकांनी काही निरोगी माणसांवर प्रयोग केले. एखादी धून उदास आहे की आनंदी हे त्यांना नीट ओळखता येई, पण संगीतातून सुख म्हणून काही मिळत नसे. पैसे जिंकण्याच्या खेळात मात्र ती इतरांइतकीच खुलत. म्हणजे त्यांचे मन बधिर नव्हते, सुरांपासून सुखापर्यंतची वाट तेवढी त्यांच्यात नव्हती.

यावर डार्विनची साक्ष काढता येईल. तरुणपणी आवडणारी कविता आणि संगीत पुढे आपल्याला रुचेनासे झाले, असे त्याने आत्मचरित्रात लिहिले आहे. या ऱ्हासाने शीलाचीही हानी होत असावी, अशी त्याला शंका होती. पण असलेले गमावणे आणि मुळातच नसणे यांत फरक आहे. शिवाय ज्याला एवढी खंत वाटते, त्याचे मन कोरडे झाले असे कसे म्हणावे?

आपला घोळ 'सहृदय' या शब्दापाशीही होतो. रोजच्या मराठीत सहृदय म्हणजे कनवाळू. अभिनवगुप्ताचा सहृदय निराळा आहे: काव्याच्या अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा लख्ख झाला आहे आणि जो वर्ण्य विषयाशी तन्मय होऊ शकतो, तो. ही एक तयारी झाली. त्या तयारीचा माणूस दयाळू असेलच, याची हमी त्यात कुठेही नाही.

बाबा आईबरोबर प्रत्येक मैफलीला जात आणि भैरवी होईपर्यंत बसत. त्यांना त्यातले काही भावत नाही, हे तिला ठाऊक होते. परतताना ती मागे बसून गुणगुणत असली की ते स्कूटर हळू चालवत. हे सारे मी लहानपणापासून पाहिले होते, पण रसिकतेच्या हिशेबात कधी धरले नव्हते.

त्या संध्याकाळी भजनाने मी खरोखर हेलावलो होतो. डोळे पुसायच्या आत मी समोरच्या माणसाला दुखावले, हेही तितकेच खरे. आणि त्यांनी भाताचे विचारले, कारण मी सकाळपासून जेवलो नव्हतो.