घरी सांगायचं का, सर?

शाळेच्या वर्गात बसलेलं मूल मनात आलं म्हणून उठून जाऊ शकत नाही. हजेरी लागलेली असते, दार लोटलेलं असतं, समोर मोठं माणूस उभं असतं. अशा मुलापुढे मी प्रभूचं नाव घ्यावं का, आणि घ्यावं तर कुठवर, हे शाळाशाळांतून मुलांशी बोलायला जाणाऱ्या माझ्यासारख्या ख्रिस्ती कार्यकर्त्याने स्वतःला विचारायलाच हवं. कुणी दरडावून विचारण्याआधी आपणच ते देवासमोर बसून विचारावं, असं मला वाटतं.

आमचं काम साधं आहे. ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यातल्या ज्या शाळा बोलावतात तिथे जायचं. कधी मूल्यशिक्षणाचा तास मिळतो, कधी परीक्षेच्या आधी मार्गदर्शन म्हणून ऑफ पिरियड. गिटार असते, एखादं कृतिगीत होतं, खेळ होतो, मग गोष्ट. या मुलांना शांत बसून ऐकणारं कुणीतरी हवं आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. डोंबिवलीतले आईवडील सकाळच्या फास्ट लोकलला लोंबकळत दादर-सीएसएमटी गाठतात आणि रात्री जेवायच्या वेळेला घरी पोचतात. मधला सगळा वेळ मूल, क्लास, मोबाइल आणि कुलूप लावलेला फ्लॅट. दहावीच्या मुलाला 'किती टक्के पडतील?' याखेरीज दुसरं काही कुणी विचारलेलं नसतं. आम्ही विचारतो. मुलं रडतात, आणि ती आमच्या गाण्यांनी रडत नाहीत. कुणीतरी नाव घेऊन 'तुझं कसं चाललंय रे?' म्हटलं म्हणून रडतात. या कामाची मला लाज वाटत नाही, वाटणारही नाही.

अडचण आहे ती तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांची. मुलांना डोळे मिटायला सांगतात. येशूला ज्यांना आपल्या आयुष्यात बोलवायचं आहे त्यांनी हात वर करावा, असं हळू आवाजात म्हणतात. हात वर होतात. ते मोजले जातात. आकडा अहवालात जातो, अहवाल प्रार्थनासभेत वाचला जातो आणि सगळे मोठ्याने आमेन म्हणतात.

कल्याणच्या एका शाळेत सातवीचा तास संपल्यावर एक मुलगी दाराशी येऊन उभी राहिली. दोन वेण्या, लाल रिबिनी, हातात उघडा डबा, डब्यात पोळीचा अर्धा रोल. तिने हात वर केला होता. तिने विचारलं, "घरी सांगायचं का, सर?" आवाजात तक्रार नव्हती, भीतीही नव्हती. झालं ते शाळेतलं की घरातलं, एवढंच तिला कळून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "सांग की. आईला सगळं सांगायचं." ती मान हलवून रोल खात निघून गेली. उत्तर बरोबर होतं. पण ते देताना माझ्या पोटात गोळा आला. लपवण्यासारखं मी काहीच करत नव्हतो, तर तिच्या आईच्या कानावर ते जाणार म्हटल्यावर मी चरकलो का?

याचं उत्तर शोधताना मला आमच्या कामाच्या मुळापर्यंत जावं लागलं. मुलांमधल्या या सेवेचा आजचा घाट १८६७ साली लंडनमध्ये जोसाया स्पायर्स यांनी सुरू केलेल्या मुलांच्या सभांपासून ओळखला जातो. त्यातूनच पुढे स्क्रिप्चर युनियन उभी राहिली आणि १८९६ पासून तिचं काम भारतातही सुरू झालं. पहिल्या सभेनंतर वर्षभराने, १८६८ च्या उन्हाळ्यात, स्पायर्स वेल्समधल्या लँडडनोच्या किनाऱ्यावर होते. तिथे त्यांनी वाळूत मोठ्या अक्षरांत एक शास्त्रवचन कोरलं आणि खेळणाऱ्या मुलांना ती अक्षरं शिंपल्यांनी, खड्यांनी सजवायला बोलावलं. ही हकीकत आमच्या शिबिरांत हमखास सांगितली जाते. सांगताना भर असतो तो कल्पकतेवर. मला मात्र आता दुसरंच दिसतं. किनारा उघडा होता. कंटाळा आला की मूल पाण्याकडे पळू शकत होतं, आणि आईवडील तिथेच आसपास असणार. काय लिहिलंय ते त्यांनाही वाचता येत होतं. आम्ही तो कार्यक्रम उचलून चार भिंतींत आणला, वेळापत्रकात बसवला, आणि मुलाची पळून जायची मोकळीक तेवढी किनाऱ्यावरच राहून गेली.

आपल्याकडे तर या सेवेच्या आधीचा इतिहास आणखी जड आहे. ठाण्यात मासुंदा तलावाकाठचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च पोर्तुगीज काळातलं. त्याच पोर्तुगीज सत्तेने १५५९ साली गोव्यात फर्मान काढलं, की अनाथ हिंदू मुलं ताब्यात घेऊन त्यांना ख्रिस्ती करावं. मूल आणि सत्ता समोरासमोर आली की काय होतं, ते तिथे कागदावर उघड लिहिलेलं आहे. त्याला सेवा म्हणता येत नाही, आणि आपल्या मंडळीने ते तसं स्पष्ट म्हटलं पाहिजे.

एकोणिसाव्या शतकातल्या मिशनऱ्यांच्या हातात तलवार नव्हती, शाळा होती. मुंबईत जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी १८३९ साली बाप्तिस्मा घेतला. पारशी समाज खवळला, प्रकरण कोर्टात गेलं. धनजीभाई स्वतःचं बरंवाईट कळण्याच्या वयाचा आहे असं कोर्टाने धरलं आणि त्याला हवं तिथे राहायची मोकळीक दिली. विल्सन यांच्या वर्गातली मुलं मात्र धडाधड गळाली. चार वर्षांनी, १८४३ मध्ये, नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत जेमतेम बारा वर्षांचा. तोही मिशनऱ्यांच्या घरी जाऊन राहिला. या वेळी कोर्टाने मुलाला वडिलांच्या स्वाधीन केलं. मग त्याला पुन्हा जातीत घ्यावं की नाही यावरून मोठं रण माजलं. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर त्या मुलाच्या शुद्धीसाठी उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी अंगावर घेतला.

आमच्या शब्बाथशाळेत नारायणरावांचं नाव मोठ्या आदराने घेतलं जातं, आणि ते योग्यच आहे. जालन्याजवळ बेथेल वसवणारा माणूस तो. श्रीपतचं नाव मी आमच्यात कधी ऐकलं नाही. बारा वर्षांचं पोर, एकीकडे भाऊ आणि मिशन, दुसरीकडे बाप आणि जात, मध्ये कोर्ट. त्याला कुणी विचारलं असेल का, की बाळा, तुला स्वतःला काय वाटतं? आणि विचारलं असतं तरी एवढ्या मोठ्या माणसांच्या गराड्यात त्याने दिलेलं उत्तर त्याचं स्वतःचं राहिलं असतं का?

इथे मला माझ्याच घराकडे यावं लागतं. आमचं मूळ जालन्याकडचं. पणजोबा १८९९-१९०० च्या दुष्काळात पोरके झाले आणि मिशनच्या बोर्डिंगात वाढले. भाकरी, अक्षर आणि श्रद्धा त्यांना एकाच हाताने दिली. बोर्डिंगचं दार त्यांना उघडं होतं, पण दाराबाहेर दुष्काळ होता. त्यांनी निवड केली असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? आणि निवड केली नाही असंही कसं म्हणू, जेव्हा त्याच श्रद्धेवर ते पुढे आयुष्यभर उभे राहिले, प्लेगात रोग्यांना पाणी पाजत फिरले आणि शेवटच्या आजारात उपासना संगीतातली पदं म्हणत गेले? माझा विश्वास त्यांच्याकडून आला आहे. तो खरा आहे, हे मी रोजच्या जगण्यातून जाणतो. त्याच्या उगमाशी मात्र दुसरीकडे जायला जागा नसलेलं एक मूल उभं आहे, हेही तितकंच खरं. या दोन्ही गोष्टी मी एकाच ओंजळीत धरून प्रार्थना करतो. त्यातली एक टाकून दिली तर मन हलकं होईल, पण ती प्रार्थना खोटी होईल.

उलट बाजूही आहे, आणि ती सांगताना मला अभिमान वाटतो. सिंथिया फरार ही अविवाहित अमेरिकन बाई १८२७ साली मराठी मिशनमध्ये आली आणि तिने मुलींच्या शाळांसाठी आयुष्य वेचलं. तिची अहमदनगरची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली होती आणि सावित्रीबाईंच्या शिक्षक म्हणून झालेल्या तयारीतही तिचा वाटा होता. जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी स्वतःची वाट काढली, सत्यशोधक समाज उभा केला. आमच्या हिशेबाने पाहिलं तर त्यांचा हात वर झाला नाही, म्हणून कुठल्याच आकड्यात तो धरला गेला नसता. तरीही महाराष्ट्रातल्या मिशन शाळांच्या हातून घडलेलं सगळ्यात मोठं काम कोणतं, असं मला विचारलं तर मी त्यांच्याकडेच बोट दाखवीन. मूल शिकलं, आणि मग स्वतःच्या पायांनी त्याला हवं तिथे गेलं.

शुभवर्तमानात एक श्रीमंत तरुण येशूकडे येतो. येशूला त्याच्याविषयी प्रीती वाटते, तो त्याला स्पष्ट काय ते सांगतो, आणि तो तरुण खिन्न होऊन निघून जातो. येशू त्याच्या मागे धावत नाही, अट सैल करत नाही, त्याला हात वर करायला लावत नाही. जाऊ देतो. हा उतारा मी पोरांना पुष्कळदा शिकवला आहे, तो पैशाच्या मोहाबद्दल म्हणून. जाऊ देणाऱ्याबद्दल म्हणून तो शिकवायला हवा.

जाऊ देणं मी स्वतः प्रथम पाहिलं ते माझ्या मराठी शाळेत. दसऱ्याच्या आधी वर्गात सरस्वतीपूजन असे. पाटीवर एकांची सरस्वती काढायची, फूल वाहायचं, नमस्कार करायचा. आमच्या बाई आदल्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुमच्या घरी चालत नसेल तर तू नमस्कार करू नकोस हं. पेढे वाटायला मात्र मला मदत कर." मी पेढे वाटले. त्या दिवशी वर्गात मी वेगळा होतो, पण एकटा नव्हतो. त्या बाईंना राज्यघटनेचं कलम २८ पाठ होतं की नाही, मला ठाऊक नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेतल्या कुणालाही त्याच्या संमतीवाचून, आणि तो अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षण किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येणार नाही, असं ते कलम सांगतं. बाईंनी ते कलम पेढ्याच्या ताटासकट पाळलं. मला मिळालेली ती वागणूक त्या दोन वेण्यावाल्या मुलीला माझ्याकडून मिळायला हवी होती. डोळे मिटण्याआधी तिला कुणी बाजूला घेऊन विचारलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला तपासावी लागली. हे सगळं मला सुचतंय ते सद्सद्विवेकामुळे, की भीतीमुळे? आजूबाजूचं वातावरण तापलेलं आहे. 'धर्मांतर' हा एक शब्द कुणी उच्चारला की शाळेचे मुख्याध्यापक फोन उचलेनासे होतात. अशा वेळी मागे सरण्याला विवेकाचं नाव देणं फार सोपं. मी बराच विचार केला आणि मला एक खूण सापडली. भीती म्हणते, कुणाला कळू देऊ नकोस. विवेक म्हणतो, सगळ्यांना आधीच कळव. माझ्या पोटात आलेला गोळा भीतीचा होता, कारण मी न सांगितलेलं ती मुलगी घरी सांगणार होती. तिने विचारलेला प्रश्न मात्र विवेकाचा होता.

तेव्हा शाळांमधून काम करणाऱ्या माझ्या भावाबहिणींना, तरुण संघातल्या पोरापोरींना आणि आमच्या पाळकांना माझी विनंती आहे. काम सोडू नका. मुलांना ऐकून घेणारी माणसं फार थोडी आहेत. पण शाळेच्या तासात आपण कोण आहोत ते पहिल्या वाक्यातच सांगा, आणि त्या तासात प्रार्थनेचं आवाहन करू नका. हात मोजणं आजपासून बंद करा. अहवालात तो रकाना असेल तर रिकामा ठेवा आणि देणगीदारांनी विचारलं तर का ते सांगा. ज्या मुलाला अधिक जाणून घ्यायचं असेल त्याच्या घरी मराठीत चिठ्ठी द्या, त्यावर आईची किंवा वडिलांची सही घ्या, आणि शाळा सुटल्यावर मंडळीच्या हॉलमध्ये त्यांच्यासकट त्याला बोलवा. हॉलचं दार उघडं ठेवा. यायला लागतील ती मुलं कमी असतील, पुष्कळ कमी. येत्या जूनमध्ये शाळा उघडायच्या आत त्या चिठ्ठीचा मसुदा तयार करून तुमच्या मंडळीत वाचून दाखवा.