उद्याची वेळ आज ठरलेली असते का?

अमेरिकेतल्या हायस्कुलांत ‘डिस्टन्स मेडले रिले’ नावाची शर्यत धावली जाते. चार मुलं, एक बॅटन. टप्पे 1200, 400, 800 आणि 1600 मीटरचे. विक्रमाच्या प्रयत्नाच्या आदल्या रात्री जाणकार चौघांच्या वेळांची बेरीज मांडून बसतात. समजा 3:00, 0:49, 1:53 आणि 4:10. झाले 9:52.

बेरीज बिनचूक. पण ती उद्याबद्दल आजच खरी आहे का?

ॲरिस्टॉटलला हाच पेच उद्याच्या सागरी लढाईबद्दल पडला होता. लढाई होईल किंवा होणार नाही, एवढं नक्की. दोहोंपैकी एक विधान आजच खरं मानलं, तर खलबतं करण्यात अर्थ काय? प्राचीन आजीवक पंथाचा मक्खली गोशाल मात्र बेधडक सांगे की सगळं नियतीनं ठरलेलं आहे, प्रयत्नांनी काही हलत नाही. पहाटे उठून घाम गाळणाऱ्या पोराला हे कोण सांगणार?

गीतेचा अठरावा अध्याय अधिक व्यवहारी वाटतो. तिथे कर्माची पाच कारणं मोजली आहेत. अधिष्ठान, कर्ता, साधनं, चेष्टा म्हणजे प्रयत्न, आणि पाचवं दैव. दैव आहे, पण रांगेत शेवटी!

आकड्यांचंही तसंच. 1964 साली जिम रायन हा शाळकरी पोरगा मैल 3:59.0 मध्ये धावला, तोवर कुठल्याही हायस्कूलच्या मुलाला चार मिनिटांच्या आत येता आलं नव्हतं. त्याआधीचे सगळे आकडे ‘नाही’च म्हणत होते.

आणि बॅटन? जेमतेम 30 सेंटीमीटरची पोकळ नळी. 20 मीटरच्या पट्ट्यात, दमलेल्या घामट हातातून ती पुढच्या हातात जायची असते. आदल्या रात्रीच्या त्या बेरजेत या क्षणासाठी रकानाच नाही.