पाचवं कारण

उरण-पनवेल पट्ट्यात दहाव्याच्या प्रवचनाला उभा राहिलो की कोणीतरी हमखास म्हणतं, "महाराज, त्याची वेळच भरली होती." कंटेनर चालवणाऱ्या पोराच्या दहाव्याला मला हे ऐकवत नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि सगळ्यात शेवटी दैव. आपण थेट पाचव्यावर उडी मारतो. आधीची चार तपासा ना! न्हावा-शेव्याच्या गेटवर रात्र रांगेत गेलेली, पैसे मात्र खेपेवर. क्लीनरचा खर्च वाचवलेला, म्हणजे डोळा लागला तर हाक मारायला शेजारी कोणी नाही. सीटमागच्या फळीवर मेणचट उशी, डॅशबोर्डवर एकवीरा आई. वाहतूक कामगारांचा 1961चा कायदा दिवसाला 8 तास सांगत आला. ते मोजले कोणी? "ड्रायव्हरच झोपला" म्हणणारेही कर्त्यापाशीच थांबतात. ज्याने त्या रात्री त्याला पुन्हा गाडी काढायला लावली, त्याच्या खाती काहीच कर्म जमा होत नाही का?

परवा हे बोललो, तेव्हा पोराच्या आईने मांडवातच विचारलं, "मग त्याच्या मालकाला बोलावू का?"

"बोलवा, माउली," मी म्हणालो.